हेज फंड मॅनेजर व्हायचंय? आधी तोटा मोजायला शिका

पहिली पायरी: फीचं गणित मांडून बघा

हेज फंड म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून, बाजार चढो वा पडो, कमावायचा प्रयत्न करणारा फंड. त्यात शिरायचं असेल तर अभ्यासाची सुरुवात शेअरपासून करू नका, फीपासून करा. मॅनेजरच्या हातात पैसे कधी पडतात आणि कधी पडत नाहीत हे एकदा कळलं, की तो धोका कधी पत्करतो, कधी अंग चोरतो आणि धडधाकट दिसणारे फंड अचानक बंद का होतात, हेही उलगडतं.

जुना प्रघात 'दोन-वीस'चा. फंडातल्या रकमेवर दरवर्षी २ टक्के व्यवस्थापन फी आणि नफ्यात २० टक्के वाटा. फंड १०० कोटी डॉलरचा असेल तर नफा होवो न होवो, २ कोटी येतातच. वर्षाला १५ टक्के परतावा मिळाला तर १५ कोटींच्या नफ्यातले साधारण ३ कोटी आणखी. आता बरेच फंड यापेक्षा कमी घेतात. उलट काही बडे फंड पगारापासून डेटाच्या बिलापर्यंतचा सगळा खर्चच गुंतवणूकदारांवर टाकतात आणि वर नफ्यातला वाटा घेतात.

खरी मेख हाय-वॉटर मार्कमध्ये आहे. गुंतवणूकदाराच्या रकमेने आजवर गाठलेली सर्वांत वरची पातळी ओलांडल्याशिवाय नफ्यातला वाटा घेता येत नाही. १०० चे ८० झाले, तर पुन्हा १०० व्हायला २५ टक्के वाढ लागते. १०० चे ५० झाले, तर पूर्ण १०० टक्के. ती भरपाई होईपर्यंत कितीही राबलात तरी वीस टक्क्यांच्या खात्यात शून्य. बोनस निघतो तो याच खात्यातून. त्यामुळे आधी चांगले ॲनालिस्ट (मॅनेजरसाठी कंपन्यांचा अभ्यास करणारे) दुसरीकडे जातात, मग गुंतवणूकदार पैसे काढतात, आणि शेवटी मॅनेजर फंड गुंडाळतो. एका रात्रीत बुडालेल्या फंडांच्या कथा गाजतात. असं हळूहळू संपणं मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि नवख्याने पोटात भीती बाळगायची ती याची.

दुसरी पायरी: 'हेज' म्हणजे काय ते कागदावर करून बघा

पहिला हेज फंड आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांचा मानला जातो. हे गृहस्थ समाजशास्त्रातले पीएचडी, 'फॉर्च्यून' मासिकासाठी लिहिणारे. १९४९ साली त्यांनी १ लाख डॉलरवर फंड उभा केला, त्यातले ४० हजार स्वतःचे. बाजार वर जाणार की खाली हे आपल्याला कळत नाही, हे त्यांनी मान्य केलं होतं. म्हणून चांगले वाटणारे शेअर थोडं कर्ज काढून घ्यायचे, वाईट वाटणारे उसने आणून विकायचे (भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचे), आणि बाजाराची दिशा शक्य तेवढी हिशोबातून काढून टाकायची.

समजा भांडवल १०० आहे. १३० चे शेअर विकत घेतले, हे लाँग. ७० चे उसने आणून विकले, म्हणजे शॉर्ट केले. दोन्हींची बेरीज २००, ती ग्रॉस. वजाबाकी ६०, ती नेट. आता बाजार १० टक्के पडला. तुमची निवड चांगली असेल तर लाँग फक्त ८ टक्के पडले, म्हणजे तोटा १०.४. शॉर्ट १३ टक्के पडले, म्हणजे फायदा ९.१. एकूण तोटा १.३. बाजार १० पडला असताना तुम्ही जवळजवळ जागच्या जागी.

आता हेच उलटं करा. लाँग १२ टक्के पडले, शॉर्ट ६ टक्केच पडले. तोटा १५.६, फायदा ४.२, एकूण ११.४ चा फटका. म्हणजे 'हेज' करूनही बाजारापेक्षा जास्त मार. निवड चुकली तर हेज दोन्ही बाजूंनी कापतो. पुस्तकांत पहिलं उदाहरण ठळक छापलेलं असतं, दुसरं सहसा दिसत नाही. स्वतः चार-पाच वेगवेगळे आकडे घालून हा तक्ता करा. तासाभराचं काम आहे, पण ग्रॉस आणि नेटची जाण त्यातून पक्की होते.

तिसरी पायरी: आपला पिंड ओळखा

फंडांचे प्रकार ढीगभर आहेत, पण नवख्याला चार-पाच पुरेत. लाँग-शॉर्ट इक्विटी हे कंपन्यांचा अभ्यास आवडणाऱ्यांचं काम. मॅक्रोमध्ये व्याजदर, चलनं, देशांची धोरणं यांवर डाव लावतात. १६ सप्टेंबर १९९२ ला ब्रिटनने पौंड युरोपीय विनिमयदर यंत्रणेतून बाहेर काढला, तेव्हा जॉर्ज सोरोस यांच्या फंडाने सुमारे १०० कोटी डॉलर कमावले, ते याच प्रकारात. विलीनीकरणं, दिवाळखोऱ्या, अडचणीतली कर्जं यांत कायद्याची आवड असलेली माणसं रमतात. क्वांटमध्ये, म्हणजे गणिती मॉडेलवर चालणाऱ्या सौद्यांत, गणिती आणि प्रोग्रामर. रेनेसान्स टेक्नॉलॉजीजचे संस्थापक जिम सायमन्स मूळचे गणिताचे प्राध्यापक आणि त्याआधी सांकेतिक लिपी फोडणारे.

शिवाय मिलेनियम, सिटाडेल यांच्यासारखे बहु-मॅनेजर फंड आहेत. तिथे एकाच छताखाली डझनावारी छोट्या टोळ्या आपापला पोर्टफोलिओ चालवतात, आणि वरून एक जोखीम विभाग सगळ्यांवर डोळा ठेवतो. आज नवख्याला नोकरी मिळण्याची शक्यता इथे बरीच असते. शिस्त जबर शिकायला मिळते. पण दोन-तीन वर्षं थांबून फळणाऱ्या कल्पनेला इथे फारसा वाव नाही, त्यामुळे ज्यांना कंपनी मुळापासून समजून घेऊन वाट बघायला आवडतं त्यांचा इथे कोंडमारा होतो.

चौथी पायरी: काय शिकायचं

कोणती पदवी हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. २००८ च्या गृहकर्ज संकटावर डाव लावून गाजलेले मायकेल बरी डॉक्टर होते, जोन्स समाजशास्त्राचे. सीएफएच्या (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट) तीन परीक्षा दिल्यात तर उत्तम. पाया पक्का होतो आणि अर्ज करताना थोडं वजन येतं. पण केवळ त्या जोरावर कुणी दार उघडत नाही.

तीन गोष्टी मात्र टाळता येत नाहीत. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह पत्रक एकमेकांत कसे गुंतलेत हे बघता बघता सांगता आलं पाहिजे. घसारा १० ने वाढला तर तिन्हींत काय बदलेल, असा प्रश्न मुलाखतीत येतो. दुसरी गोष्ट संख्याशास्त्र, निदान एवढं तरी की वीस यशस्वी सौद्यांत नशीब किती आणि कसब किती हा संशय स्वतःलाच यावा. तिसरी, पायथॉन किंवा तत्सम भाषा. क्वांट नसलात तरी.

पाचवी पायरी: एक पान लिहा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. नोकरी मिळायच्या आधी तुमच्याकडे दाखवण्यासारखी एकच वस्तू असू शकते: तारखेसकट लिहून ठेवलेली मतं. प्रत्येक कल्पना एका पानात बसवायची.

एक काल्पनिक कंपनी घ्या, औद्योगिक पंप बनवणारी. विक्री वर्षभरात १२ टक्के वाढली म्हणून शेअर जोरात आहे. तुम्ही ताळेबंद उघडता तर येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) ३५ टक्क्यांनी वाढलेली. आधी वसुलीला ६० दिवस लागायचे, ते ७२ झालेत. नफा वाढतोय आणि व्यवसायातून येणारी रोकड घटतेय. इथे कान टवकारायचे. तिमाही संपायच्या आत आकडा गाठायचा म्हणून वितरकांच्या गळ्यात माल मारला जात असेल, तर पुढच्या तिमाहीत ऑर्डर आटणार.

आता पान भरा. बाजाराला काय वाटतंय: पुढच्या वर्षीही १२ टक्के वाढ. मला काय वाटतंय: ४ टक्के. बाजाराचं मत कशाने बदलेल: पुढचे दोन तिमाही निकाल. मी कधी चूक ठरेन: येणी एखाद्या मोठ्या, उशिरा पैसे देणाऱ्या पण खात्रीच्या ग्राहकामुळे वाढली असतील तर. मग वार्षिक अहवालातल्या टिपा वाचा. येणी किती जुनी आहेत याचा तक्ता शोधा. स्पर्धक कंपन्यांची वसुली बघा. वितरकांशी बोला. बहुतेक कल्पना या टप्प्यावर मरतात, आणि मरू द्याव्यात.

कल्पना टिकली तर आकडे टाका. बरोबर ठरलो तर शेअर २५ टक्के पडेल, चुकलो तर १५ टक्के चढेल, बरोबर ठरण्याची शक्यता ५५ टक्के. ५५ टक्के गुणिले २५, वजा ४५ टक्के गुणिले १५: अपेक्षित फायदा ७ टक्के. शेअर उसने आणण्याचं भाडं त्यातून वजा करा. आणि मग शेवटची ओळ, जी नवखे लिहीतच नाहीत: किती? या एका कल्पनेवर फंडाचा जास्तीत जास्त अर्धा टक्का घालवायची तयारी असेल, आणि चुकल्यास १५ टक्के जाणार असतील, तर पोझिशन, म्हणजे या सौद्यात लावायची रक्कम, भांडवलाच्या ३.३ टक्के. आकार असा तोट्याकडून काढत यायचा. 'मला खात्री आहे म्हणून १० टक्के' हे उत्तर मुलाखतीत दिलंत तर समोरचा माणूस मनातल्या मनात फाइल बंद करतो.

अशी पंधरा-वीस पानं साठली की त्यांच्यावर पुन्हा नजर फिरवा. किती बरोबर आली यापेक्षा, बरोबर आली ती तुम्ही लिहिलेल्या कारणाने आली का, हे तपासा. पंप कंपनीचा शेअर पडला, पण तो सगळा बाजार पडला म्हणून पडला असेल, तर ती कमाई तुमच्या खात्यात मांडू नका.

सहावी पायरी: खुर्ची मिळवणं आणि पहिली वर्षं

रूढ वाट म्हणजे आधी गुंतवणूक बँक किंवा ब्रोकर फर्मच्या संशोधन विभागात दोन-तीन वर्षं, मग फंडात ॲनालिस्ट. सिटाडेलचे केन ग्रिफिन यांच्यासारखे, हार्वर्डच्या वसतिगृहातून रोख्यांचे सौदे करत थेट फंड काढणारे, हा अपवाद. तो वाट म्हणून धरू नका.

ॲनालिस्टचा दिवस बाजार उघडण्याच्या बराच आधी सुरू होतो. रात्रभरात आपल्या यादीतल्या कंपन्यांचं काय झालं याची चार ओळींची नोंद मॅनेजरला द्यायची. निकालांच्या दिवसांत एकाच सकाळी तीन-चार कंपन्यांचे आकडे येतात. प्रत्येकाचं मॉडेल (कमाईच्या अंदाजाचा तक्ता) मिनिटांत अद्ययावत करून 'वाढवायचं, कापायचं की तसंच ठेवायचं' हे सांगायचं. व्यवस्थापनाबरोबरचे कॉल ऐकताना उत्तरांपेक्षा टाळलेल्या प्रश्नांकडे कान ठेवायचा. उरलेला वेळ वाचन. ग्लॅमर शोधायला आलेले इथेच गळतात.

मॅनेजर आवडत असलेल्या शेअरविरुद्ध पुरावा सापडला तर तो त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर सांगा. हे बोलायला जड जातं. पण ज्याच्याकडून वाईट बातमी वेळेवर येते, त्यालाच पुढे स्वतःचा पोर्टफोलिओ मिळतो.

सातवी पायरी: शॉर्टला वेगळी वागणूक

लाँग चुकला की तो आपोआप लहान होतो: ५ टक्क्यांची पोझिशन अर्धी झाली की २.५. शॉर्ट चुकला की तो फुगतो. १०० ला विकलेला शेअर १५० झाला, तर ५ ची पोझिशन ७.५ होते, आणि फंड दरम्यान आक्रसलेला असतो. जितकं चुकावं तितका डाव मोठा, असा हा उफराटा खेळ. वर उसना आणलेला शेअर मालक कधीही परत मागू शकतो.

ऑक्टोबर २००८ मध्ये जगभर बाजार कोसळत असताना अनेक फंडांनी फोक्सवॅगन शॉर्ट केला होता. २६ तारखेला पोर्शेने जाहीर केलं की शेअर आणि ऑप्शन (शेअरच्या भावाशी बांधलेले करार) धरून त्यांच्या हातात ७४.१ टक्के हिस्सा आहे. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे सुमारे २० टक्के होतेच. म्हणजे बाजारात खरेदीला उरले जेमतेम सहा टक्के, आणि शॉर्ट झालेले शेअर त्याहून कितीतरी जास्त. दोन दिवसांत भाव साधारण २१० युरोवरून १००० च्या पुढे गेला. मंदीत गाड्या खपणार नाहीत, हा विचार चुकीचा नव्हता. बाहेर पडायला दार किती रुंद आहे हे कुणी मोजलं नव्हतं. २०२१ च्या जानेवारीत व्हिडिओ गेम विकणाऱ्या गेमस्टॉपच्या शेअरमध्ये याच जातीचा प्रकार झाला आणि त्या एका महिन्यात मेल्विन कॅपिटलने ५३ टक्के गमावले. पुढच्या वर्षी तो फंड बंद झाला.

म्हणून शॉर्ट घेण्याआधी तीन आकडे बघायचे: बाजारातल्या शेअरपैकी किती टक्के आधीच शॉर्ट आहेत, उसनवारीचं भाडं किती, आणि रोजच्या उलाढालीच्या हिशोबाने सगळ्यांना बाहेर पडायला किती दिवस लागतील. गर्दी असेल तर कल्पना कितीही सुंदर असो, आकार निम्मा.

आठवी पायरी: कर्ज आणि तोट्याची मर्यादा

लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंटची गोष्ट या धंद्यात प्रत्येकाला माहीत असते, तरी आकड्यांसकट वाचा. १९९८ च्या सुरुवातीला भांडवल सुमारे ४७० कोटी डॉलर, कर्ज १२,००० कोटींहून अधिक. भागीदारांत मायरॉन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन, आदल्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. २५ पट कर्जावर मालमत्ता ४ टक्के घसरली की भांडवल साफ. ऑगस्टमध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, आणि एकमेकांशी संबंध नाही असं वाटणारे सगळे सौदे एकाच वेळी विरुद्ध गेले. शेवटी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हने मध्यस्थी केली आणि १४ वित्तसंस्थांनी सुमारे ३६० कोटी डॉलर ओतून फंड ताब्यात घेतला. त्यातले बरेच सौदे पुढे फायद्यात आले असं सांगतात. तोवर हात धरून बसायला भांडवल लागतं.

बहु-मॅनेजर फंडांत हा धडा नियमात बसवलेला असतो. सर्वसाधारणपणे ५ टक्के तोटा झाला की हातातलं भांडवल निम्मं, सात-आठ टक्क्यांच्या आसपास गेला की टोळी घरी. तुम्हाला ५० कोटी डॉलर दिलेत हे ऐकायला भारी वाटतं, पण खरं भांडवल म्हणजे निम्म्यावर येईपर्यंतचे अडीच कोटी. पोझिशनच्या आकाराची सगळी आकडेमोड त्या अडीच कोटींवर करा. त्यातलाही निम्मा भाग गेला की कुणी सांगायच्या आत स्वतःहून कापायला लागा.

नववी पायरी: माहितीची लक्ष्मणरेषा

कंपन्यांच्या जाहीर न झालेल्या, आतल्या माहितीवर सौदे केल्याबद्दल गॅलियन या हेज फंडाचे राज राजरत्नम यांना ऑक्टोबर २००९ मध्ये अटक झाली, २०११ मध्ये ११ वर्षांची शिक्षा. तपासात फोनचं टॅपिंग मुख्य पुरावा ठरलं. कंपनीतला मित्र 'तुला म्हणून सांगतो' असं म्हणाला की तिथेच संभाषण थांबवा, अनुपालन विभागाला (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या) लगेच लेखी कळवा, आणि त्या शेअरमध्ये सौदा करू नका. या विषयाला यापेक्षा जास्त शब्द लागत नाहीत.

दहावी पायरी: स्वतःचा फंड, वाटलंच तर

फंड काढायला प्राइम ब्रोकर (फंडाला कर्ज आणि उसने शेअर देणारी फर्म), स्वतंत्र हिशोबनीस संस्था, ऑडिटर, वकील, परवाने आणि निदान दोन वर्षं पुरेल एवढा खर्चाचा पैसा लागतो. छोट्या फंडाला २ टक्के फीतून भाडं आणि पगार निघत नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवसापासून अर्धा वेळ पैसे गोळा करण्यात जातो. शेअर वाचायला आवडतं म्हणून या धंद्यात आलेल्यांची इथे फार चिडचिड होते.

कुणाचे पैसे घेता ते बघा. ज्युलियन रॉबर्टसन यांनी १९८० साली सुरू केलेला टायगर एकेकाळी २,००० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. तंत्रज्ञान शेअरचे भाव वेडेपणाचे आहेत, हे त्यांचं म्हणणं पुढे खरं ठरलं. पण तोवर कामगिरी घसरली, गुंतवणूकदारांनी पैसे काढले, आणि त्यांनी मार्च २००० मध्ये, म्हणजे तंत्रज्ञान शेअरनी भरलेल्या नॅसडॅक निर्देशांकाने शिखर गाठलं त्याच महिन्यात, फंड बंद करत असल्याचं जाहीर केलं. पैसे काढायची नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (पैसे काढताच येत नाहीत तो काळ) किती, एका वेळी जास्तीत जास्त किती रक्कम निघू शकते, ही कलमं तुमच्या शेअरनिवडीइतकीच महत्त्वाची आहेत.

गुंतवणूकदार एक प्रश्न हमखास विचारतात: साध्या इंडेक्स फंडात पैसे का टाकू नयेत? साधा इंडेक्स फंड हेज फंडांना हरवेल, ही वॉरन बफे यांची पैज त्यांना पाठ असते. २००८ ते २०१७ या दहा वर्षांत एस अँड पी ५०० च्या (अमेरिकेतल्या ५०० बड्या कंपन्यांचा निर्देशांक) इंडेक्स फंडाने वर्षाला ८.५ टक्के दिले. हेज फंडांत पैसे लावणाऱ्या पाच फंडांची सरासरी सुमारे ३ टक्के निघाली. 'आम्ही बाजाराला हरवू' हे उत्तर देऊ नका. बाजार पडेल त्या वर्षी आमचा आलेख कसा दिसेल, आणि त्यासाठी तुम्ही चढत्या वर्षात किती सोडताय, हे आकड्यांत दाखवा. दाखवता येत नसेल तर अजून दोन वर्षं दुसऱ्याच्या फंडात काम करा.

सही करण्याआधी

नोकरीच्या करारात चार गोष्टी शोधा. बोनसचा किती भाग पुढच्या वर्षांत मिळणार आणि मध्येच सोडलं तर तो बुडणार का. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या फंडात जाण्याआधी किती महिने घरी बसावं लागेल. ते सहा महिने असू शकतात, वर्षभरही असू शकतात, आणि त्या काळात मूळ पगार तरी मिळतो का ते विचारा. तुमच्या सौद्यांची कामगिरी पुढच्या ठिकाणी सांगायची परवानगी आहे का. आणि तोट्याची मर्यादा कुठून मोजतात: वर्षाच्या सुरुवातीपासून की वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीपासून? मे महिन्यापर्यंत ६ टक्के कमावून जूनमध्ये ५ टक्के घालवलेत, तर पहिल्या पद्धतीत तुम्ही अजून फायद्यात आहात. दुसऱ्या पद्धतीत तुमचं भांडवल निम्मं झालेलं असतं.